तट्टावरचा माणूस

मराठी भाषेनें तट्टावर जितका अन्याय केला आहे तितका दुसऱ्या कोणत्याहि जनावरावर केला नसेल. गाढवाचा अपवाद मी मुद्दाम करीत नाहीं, कारण गाढवाची बाजू मांडणारे लेखक तरी पुष्कळ होऊन गेले. हट्टी माणसाला आपण अडेलतट्टू म्हणतों. पैसे घेऊन दुसऱ्याची वकिली करणारा तो भाडोत्री तट्टू. घोड्याला मात्र भाषेनें वेगळ्या पंक्तीला बसविलें आहे. मनोरथांचे घोडे चौखूर उधळतात, कर्तृत्वाची घोडदौड होते, आणि घोडें पेंड खातें तेव्हांहि दोष घोड्याच्या पदरीं न पडतां अडलेल्या कामाच्या पदरीं पडतो. शब्दकोशांत तट्टू म्हणजे लहान घोडा, एवढाच अर्थ सांपडतो. पण 'लहान' या शब्दाच्या पोटांत किती तुच्छता मावते, हें पांच फूट दोन इंच उंचीच्या माणसाला कोश न उघडतांहि समजतें.

माझी उंची तेवढीच आहे. वय छपन्न, पुण्याच्या एका महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकवितों, आणि गेलीं तीन वर्षें बहुतेक रविवारीं सकाळीं मुळशीच्या वाटेवर मी तट्टावर बसलेला असतों. पौडच्या पलीकडे माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें शेत घेतलें आहे. तेथें आंबेमोहोर भाताच्या जोडीला त्यानें पांच भीमथडी तट्टें पाळलीं आहेत. तट्टावर बसण्यांत गंमत आहे, पण ती बहुतेक बघणाऱ्यांच्या वांट्याला येते. ताम्हिणी घाटाकडे निघालेल्या मोटारी मला पाहून हळू होतात, कांचा खालीं उतरतात, आणि कॉलेजांतली पोरें ओरडतात, "काका, घोडा जरा मोठा होऊं द्या कीं!" पिकल्या केसांचा माणूस सायकलीवर बसला तर तो प्रकृतीला जपणारा ठरतो, तोच तट्टावर बसला तर विदूषक. सर्व्हांटीसनें उंच धन्याला घोडा आणि बुटक्या नोकराला गाढव दिलें, तेव्हांपासून वाहन आणि मान यांचें हें त्रैराशिक सगळ्या जगाला पाठ झालेलें दिसतें.

वास्तविक महाराष्ट्रांत तरी तें पाठ होण्याचें कारण नव्हतें. भीमथडी म्हणजे भीमेचा कांठ. इंग्रजी अमलांत पुणें जिल्ह्यांत या नांवाचा एक तालुकाच होता. आज ज्याला आपण दौंड-बारामतीकडचा भाग म्हणतों तोच हा मुलूख. भीमा आणि नीरा यांच्या खोऱ्यांतल्या उघड्या, कोरड्या माळांवर हें जनावर वाढलें. खांद्यापाशीं उंची पन्नास-बावन्न इंच, म्हणजे बरोबर माझ्या खांद्याइतकी. पाठ आंखूड, छाती रुंद, पाय बारीक दिसणारे पण हाडाचे घट्ट, आणि खूर असा कीं खडकाळ वाटेवर नालावांचूनहि चालतो. मराठ्यांच्या बड्या सरदारांच्या पागांत अरबी आणि काठेवाडी घोडीं असत हें खरें. पण स्वतःचें जनावर घेऊन चाकरीला येणारा शिलेदार आपल्या माळावर वाढलेलें तट्टूच घेऊन येई. १७३७ च्या मार्चमध्यें पहिला बाजीराव दिल्लीच्या वेशीशीं जाऊन उभा राहिला, तेव्हां त्याच्या फौजेच्या वेगानें बादशाही हादरली. त्या वेगाचें वर्णन आपण शाळेपासून वाचीत आलों. त्या वेगाच्या तळाशीं चार पाय कोणाचे होते याची चौकशी सहसा होत नाहीं. आणि त्या फौजेंतला प्रत्येक स्वार चांगला मिशा फुटलेला गडी होता, हें मी मोटारींतल्या मुलांच्या नजरेस आणूं इच्छितों. राजा बढे यांच्या ज्या गीताला २०२३ सालीं राज्यगीताचा मान मिळाला, त्यांत भीमथडीच्या तट्टांचा नांवानिशीं उल्लेख आहे. आमच्या महाविद्यालयांत सर्व मंडळी तें उभें राहून म्हणतात, आणि बाहेर येऊन मला हंसतात.

१८१८ नंतर फौजा मोडल्या आणि तट्टाचा धनी गेला. इंग्रजांच्या पलटणींना उंच घोडा हवा होता. तो ऑस्ट्रेलियाहून जहाजांत भरून येऊं लागला. 'वेलर' या नांवानें ओळखलें जाणारें तें धिप्पाड जनावर छावण्यांतून मिरवूं लागल्यावर तट्टू राहिलें तें मुख्यतः मेंढपाळ धनगरांपाशीं. ज्यांनीं त्याला ओझ्याखालीं घातलें त्यांनींच त्याला जगविलें. २०२३-२४ च्या सुमारास कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनें भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली, ती त्या धनगरांच्या जिवावर. पागा बाळगणाऱ्या श्रीमंतांचा तींत फारसा वांटा नाहीं. त्यांचें लक्ष सारंगखेड्याच्या बाजारांत नाचणाऱ्या उंच मारवाडी घोड्याकडे असतें.

परंतु इतिहासाचा दाखला देऊन माणसाला कोणाच्याहि पाठीवर बसतां येत नाहीं. पहिल्याच दिवशीं मी रिकिबींत पाय घालण्याच्या तयारींत असतां माझा विद्यार्थी म्हणाला, "सर, आधीं काट्यावर या." भाताचीं पोतीं मोजण्याच्या काट्यावर मला उभें केलें. काटा त्रेपन्न किलोंवर थांबला. मग त्यानें फीत आणून घोडीचा छातीभोवतीचा घेर आणि अंगाची लांबी मोजली. घेराला घेरानें गुणावें, त्याला लांबीनें गुणावें, आणि ११,८८० नें भागावें, म्हणजे सेंटिमीटरांतून किलो निघतात, असें हें गणित आहे. घेर १५८, लांबी १३८. घोडीचें वजन निघालें २९०. तिच्या वजनाचा पांचवा हिस्सा म्हणजे ५८ किलो. माझे त्रेपन्न आणि खोगिराचे पांच मिळून हिशेब कांठोकांठ भरला.

हा पांचव्या हिश्श्याचा नियम घोडेस्वारांत जुनाच आहे. अमेरिकेंतल्या ओहायो येथें कांहीं संशोधकांनीं २००८ सालीं तो तपासून पाहिला. त्यांनीं घोड्यांवर त्यांच्या वजनाच्या शेंकडा पंधरा, वीस, पंचवीस आणि तीस इतकें ओझें देऊन त्यांना पळविलें. पंचविसापासून पुढें स्नायूंचें दुखणें आणि ताठरपणा दिसूं लागला. म्हणजे वीसच्या आसपास थांबावें, हें शहाणपण शास्त्रालाहि पटलें. माझे एक सहकारी अध्यापक मोठ्या हौसेनें माझ्याबरोबर आले होते. ते नव्वद किलोंचे निघाले, आणि विद्यार्थ्यानें अत्यंत नम्रपणें त्यांना चहा दिला. परत येतांना गाडींत ते म्हणाले, "तुमचीं तट्टें फारच किरकोळ बुवा." मी कांहीं बोललों नाहीं. शाळेंत मला काडीपैलवान म्हणत, एन्. सी. सी.च्या रांगेंत मी शेवटचा असे. लग्नांतले बूट मुलांच्या विभागांत मिळाले. छपन्नाव्या वर्षीं माझें अपुरें शरीर एखाद्या जागेला तंतोतंत पात्र ठरलें, हा आनंद नव्वद किलोंच्या माणसाला समजावून सांगण्यासारखा नाहीं.

थट्टा सोडून सांगायचें तर, प्रौढ माणसानें लहान घोड्यावर बसावें कीं नाहीं याचें उत्तर घोड्याच्या उंचीकडे पाहून मिळत नाहीं. तें काट्यावर मिळतें. उंच, सडपातळ, लांब पाठीच्या घोड्यापेक्षां आंखूड पाठीचें ठेंगणें जनावर आपल्या वजनाच्या मानानें अधिक भार सुखानें वाहूं शकतें. आमच्या थंड हवेच्या ठिकाणीं मोसमांत याच्या नेमकें उलट चालतें. घोडा उंच दिसला कीं त्यावर शंभर किलोंचा गृहस्थ बसतो आणि पुढें आपल्या मुलाला घेतो. घोड्याच्या फासळ्या कोणी मोजीत नाहीं. आइसलँडांत मात्र वाटेल त्या वयाचा माणूस तेरा-चौदा मुठींच्या, म्हणजे साडेचार फुटांच्या आंतबाहेरच्या, घोड्यावर बसून डोंगर ओलांडतो, आणि त्या जनावराला कोणी तट्टू म्हटलेलें तेथें खपत नाहीं. तो घोडाच. बाहेरचा घोडा त्या बेटावर आणावयास शतकानुशतकें बंदी आहे.

आपल्याकडे याच्या उलट काय घडलें तें मणिपुरांत पाहावें. पोलोचा खेळ इंग्रजांनीं मणिपुरी लोकांकडून उचलला. १८५९ सालीं सिल्चरला त्यांनीं क्लब काढला तो याच खेळासाठीं. मणिपुरी तट्टू आपल्या भीमथडीहूनहि ठेंगणें, आणि त्यावर खेळणारे सगळे वाढलेले पुरुष. पुढें पोलोच्या घोड्यांना उंचीची जी मर्यादा होती ती वाढत वाढत गेली आणि पहिल्या महायुद्धानंतर पार उठली. मैदान उंच घोड्यांनीं भरलें. खेळ ज्याच्या पाठीवर जन्मला त्यालाच त्यांत जागा उरली नाहीं, आणि आज मणिपुरांत तें तट्टू वांचविण्याची धडपड चालली आहे.

आतां आमच्या मुळशीच्या तट्टांना काय काय येतें म्हणून कोणी विचारलें, तर काय येत नाहीं हें सांगणें सोपें. चिखलणीच्या खाचरांत तीं उतरत नाहींत. तें काम बैलांचें. पावसाळाहि त्यांना मानवत नाहीं. कोरड्या माळाचें हें रक्त, आणि मुळशीचा पाऊस म्हणजे आकाश चार महिने उघडें टाकलेलें. खूर कुजूं नयेत म्हणून त्यांना उंचावरच्या फरसबंद पागेंत ठेवावें लागतें. एवढें सोडलें तर मी बसतों तीच घोडी कार्तिकांत शेतांतून खळ्यावर भाताचे भारे आणते, बाजाराच्या दिवशीं छोटा टांगा ओढते, अडीच फुटांचा ओंडका मला पाठीवर घेऊन ओलांडते, आणि धरणाच्या कडेकडेनें तीन-चार तास न दमतां चालते. त्या बाजूला कांहीं जुन्या वाटा सरळ पाण्यांत उतरतात. १९२१ ते १९२४ या काळांत सेनापती बापटांबरोबर ज्या गांवांनीं टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, त्यांतल्या कांहीं गांवांच्या त्या वाटा. घोडी पाण्याच्या कडेला येऊन उभी राहते, कान पुढें करते, आणि कितीहि टांच मारली तरी पुढें पाऊल टाकीत नाहीं. 'अडेल' हा शब्द अशाच कोणा जनावराकडे पाहून निघाला असावा. "सर, ती अडत नाहीं," विद्यार्थी म्हणतो, "ती जमीन बघते."

या घोडीची आई खेडच्या बाजूला घाटांत धांवलेली. पुणें जिल्ह्याच्या बैलगाडा शर्यतींत चार बैलांच्या पुढें एक स्वार घोडी पळवितो, आणि तिच्यामागून बैल सुटतात. २०१४ सालीं या शर्यतींवर बंदी आली, २०२१ च्या डिसेंबरांत ती सशर्त उठली, आणि २०२३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें शर्यतींचा कायदा मान्य केला; या साऱ्या वादांत बैलांविषयीं रकाने भरले, पुढच्या घोडीचें नांव क्वचित् कोणाच्या तोंडीं आलें. तिची लेक मात्र आमच्या शेतावर संथ वर्तुळें काढायला शिकली आहे. विद्यार्थ्यानें ही विद्या परदेशी पुस्तकांतून उचलली आणि तिचीं नांवेंहि मला परदेशीच सांगितलीं. मी घरीं येऊन मोल्सवर्थचा कोश काढला. घोड्याला वर्तुळांत फिरविणें याला आपल्याकडे 'कावा' हा शब्द होताच. लबाडीचा अर्थ त्याला मागाहून चिकटला. गनिमी काव्यांतला कावा आपल्या ध्यानांत राहिला, आणि तो ज्याच्या चार पायांनीं काढला जाई तें तट्टू विस्मृतींत गेलें. ठेंगणें जनावर लहान जागेंत झटकन् वळतें. उंच घोड्याला त्याच वळणाला दुप्पट मैदान लागतें.

सर्व कामें करणाऱ्याला कोणत्याच कामांत मान मिळत नाहीं, याचा मला थोडा घरचा अनुभव आहे. तीस वर्षांत मीं मिल्टन शिकविला, व्याकरण शिकविलें, एक वर्ष तर्कशास्त्राची जागा रिकामी होती म्हणून तर्कशास्त्र शिकविलें, वसतिगृह सांभाळलें, स्नेहसंमेलनाचीं नाटकें बसविलीं. बढतीच्या मुलाखतींत मला विचारण्यांत आलें, "पण तुमचा खास विषय कोणता?" शर्यतीच्या घोड्याला हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं, त्याला एकच गोष्ट येते आणि तीच त्याची किंमत. तट्टाला सगळें येतें, म्हणून बाजारांत त्याला भाव नाहीं. भाव नसलेलें जनावर कोणी पैदा करीत नाहीं, आणि धनगराच्या पोरानें टेंपो घेतला कीं त्याच्या वाड्यांतलें शेवटचें तट्टू विकलें जातें. रविवारीं शेतावर येणाऱ्या हलक्या अंगाच्या पांच-दहा प्रौढ माणसांनीं एखादी जात वांचते कीं काय, हें मी छातीठोकपणें सांगूं शकत नाहीं. पण बसणारा कोणीच नसेल तर ती वांचणार नाहीं, हें मात्र सांगूं शकतों.

दिवाळी झाली कीं फलटण-बारामतीकडचे धनगर मेंढ्या घेऊन ताम्हिणीच्या वाटेनें कोंकणांत उतरूं लागतात. तेथल्या भातखाचरांत मेंढ्या बसवायच्या, त्या खताबद्दल धान्य किंवा पैसे घ्यायचे, आणि पावसाच्या तोंडावर परत फिरायचें. पुढें मेंढ्या, मागें तट्टें. तट्टांवर सारा संसार: भांडीं, वाकळा, पायांना दोरी बांधलेल्या कोंबड्या, झोळींत कालचें कोकरूं. गेल्या वर्षीं असाच एक वाडा समोरून आला. डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई मला पाहून थांबली आणि तोंडाला पदर लावून म्हणाली, "बाबा, सामानानं घोड्यावर बसायचं आन् मानसानं चालायचं. तुमचं समदं उलटंच हाय."

त्याच वाड्यांत एक काळसर घोडी होती, पाठ भरदार, डोळा शांत. माझ्या विद्यार्थ्यानें लांबूनच तिचें माप घेतलें आणि वाड्याच्या कारभाऱ्याला किंमत विचारली. मग दुसरी विचारली. म्हातारबोवांनीं तंबाखू मळीत मान हलविली. "इकायची न्हाय. हिच्यावर माजी आय बसती." खरोखरच मागून एक सुरकुतलेली वृद्धा काठी टेकीत येत होती, नातवानें तिला उचलून वाकळेवर बसविलें, आणि घोडीनें नुसता एक कान मागें केला. विद्यार्थ्याला संवयीनें राहवलें नाहीं. त्यानें विचारलें, "आजींचं वजन किती असेल हो?"

म्हातारबोवा हंसले. "आयला कसलं आलंय वजन?" म्हणाले, आणि घोडीची दोरी हातांत घेऊन घाटाकडे चालूं लागले.