आवळण्याचे माप

मराठीत मूठ आवळतात, फास आवळतात, आणि चाकाचा नटही आवळतात. किती आवळायचे हे मात्र क्रियापद सांगत नाही. तो निर्णय त्याने हातावर सोपवलेला असतो. आमच्या घरी एक प्रीमियर पद्मिनी आहे. यंदा भाचीने लायसन्स काढले आणि तिला हीच गाडी हवी झाली, तेव्हा या 'किती'चा विचार आम्हांला नव्याने करावा लागला.

गाडीचे कुळ कुर्ल्याचे. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये आधी डॉज आणि प्लीमथ जोडल्या जात. फियाट मागाहून आली आणि १९७४ पासून तिचे नाव पद्मिनी झाले. त्या काळच्या क्रायस्लर कुळातील गाड्यांच्या डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असत. चाक फिरता फिरता नट आपोआप सुटू नये, ही त्यामागची कल्पना. ते ठाऊक नसलेला माणूस नट सोडवायला म्हणून बसे आणि आवळत राही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. तिच्याबरोबर तिची चाके डोळे मिटून काढणारे हातही पांगले, हे नुकसान आम्हांला अधिक मोठे वाटते.

काशिमीऱ्याच्या हमरस्त्यावर पंक्चरची दुकाने पुष्कळ आहेत. त्यांपैकी एकात मुलगा हवेवरच्या यंत्राने चारही नट क्षणात घट्ट करतो, आणि मग समाधानासाठी पान्यावर उभा राहतो. हिशेब करून पाहावा. ४० सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला २० किलोंचा जोर दिला, तर ८ किलोग्रॅम-मीटर होतात, म्हणजे साधारण ७८ न्यूटन-मीटर. लहान गाडीला एवढ्यात बहुधा भागते. ६५ किलोंचा मुलगा त्यावर उभा राहिला की तोच आकडा २५५ वर जातो. आटा ताणला जातो, ब्रेकचा ड्रम वाकडा होऊ शकतो, आणि रात्री एकटीने चाक बदलायची वेळ आली तर भाचीच्या हाताला तो नट सुटणार नाही. ढिला नट धोक्याचा, हे सर्वांना कळते. अतिघट्ट नटाची भीती कुणी घालत नाही.

खरे पाहता चाक नटावर टांगलेले नसतेच. नट त्याला हबवर दाबून धरतो, आणि त्या दोन पृष्ठभागांमधील घर्षण भार वाहते. आपण मोजतो तो पिळ. हवा असतो तो दाब. पिळाचा जेमतेम दहावा हिस्सा दाबाच्या कामी येतो, बाकीचा आट्यांत आणि नटाच्या बैठकीत घासण्यात जातो. म्हणून आट्यांना तेल लावले की तेवढ्याच पिळात दाब बेसुमार वाढतो. आणि पृष्ठभागावर गंज असेल तर तो पुढे चुरडतो व दाब उतरतो. भाईंदरची मिठागरे आणि खाडीचा वारा यांच्या शेजारी हा गंज कुणाला चुकत नाही. आम्ही तो दर वेळी तारेच्या ब्रशने खरवडतो.

भाचीला शिकवले ते असे: नट प्रथम बोटांनी, आटे पकडेपर्यंत. निमुळती बाजू आत, म्हणजे चाक मध्यावर येते. मग समोरासमोरचे नट, थोडेथोडे. शेजारचा कधीही लगेच नाही. जॅक उतरवून टायर जमिनीला टेकला की शेवटचा पिळ मापाच्या पान्याने. कंपनीच्या पुस्तिकेतला आकडा तिने खडूने डिकीच्या झाकणाच्या आत लिहिला आहे. तो पुसला जाईल, असे आम्ही म्हटले. "तोवर पाठ होईल," ती म्हणाली.

परवा ती विरार फाट्यापर्यंत जाऊन आली. चाके गार होऊ दिली, मग पाना लावला. तीन नट हलले नाहीत. चौथा अंगुळभर फिरला आणि मग पान्याने टक् केले.