नाशिक: पायीं पाहिलेलें

क्षेत्रास जाणारा मनुष्य देव पाहतो, पण गांव पाहत नाहीं. नाशिकच्या बाबतींत तर हें विशेषच खरें आहे. मंडळी सकाळीं येतात, रामकुंडावर स्नान उरकतात, काळाराम, कपालेश्वर व सीतागुंफा येथें हात जोडतात, चिवड्याचीं पुडकीं घेतात आणि दुपारीं त्र्यंबकची वाट धरतात. यांत यात्रेचें पुण्य लागत नाहीं असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु दोन हजार वर्षांहून अधिक काळ नांदतें असलेलें नगर अर्ध्या दिवसांत उरकावें, ही गोष्ट आम्हांस खटकते. म्हणून गेल्या हिवाळ्यांत आम्ही तिघांनीं तेथें चार दिवस मुक्काम केला आणि वाहनाचा आश्रय न करितां जुनें शहर पायीं पालथें घातलें. त्यांत जें दृष्टीस पडलें त्यांतील निवडक भाग वाचकांस सादर करीत आहों.

नांवापासूनच आरंभ करूं. शूर्पणखेची नासिका लक्ष्मणानें येथें छेदिली म्हणून नासिक, ही कथा घरोघरीं ठाऊक आहे. दुसरी व्युत्पत्ति अशी कीं, गांव नऊ शिखरांवर, म्हणजे नऊ टेकड्यांवर वसलें, म्हणून त्यास हें नांव पडलें. गाडींतून जाणारास ही व्युत्पत्ति काल्पनिक वाटेल; पायीं चालणारास मात्र तिचा प्रत्यय पोटऱ्यांत येतो. जुनी गढी, नवी गढी, कोंकणी टेक, पठाणपुरा, डिंगर अळी, महालक्ष्मीची टेकडी, गणपतीची टेकडी, चित्रघंटा अशीं या उंचवट्यांचीं नांवें. सपाट वाटणारा बोळ एकाएकीं चढूं लागतो, दोन वळणें घेतो आणि तितक्याच अकस्मात् नदीकडे उतरतो. मोगलांनीं या गांवास गुलशनाबाद असें गोड नांव दिलें होतें. पण पेशवाईंत जुनेंच नांव परत आलें.

तें किती जुनें, याचा पुरावा पाहावयाचा तर शहरापासून सुमारें अडीच कोसांवर असलेल्या पांडवलेण्यांपर्यंत चालत गेलें पाहिजे. लेणीं एकंदर चोवीस आहेत. पांडवांचा व त्यांचा संबंध नांवापुरताच. तीं बौद्ध भिक्षूंसाठीं कोरलेलीं आहेत. तेथील चैत्यगृहाच्या दारावर नाशिककरांच्या दानाचा ब्राह्मी लेख असून त्यांत गांवाचें नांव आलें आहे. तिसऱ्या लेण्यांत गौतमी बलश्री या राजमातेचा प्रसिद्ध लेख आहे. पुत्र गौतमीपुत्र सातकर्णि याच्या पराक्रमाचें वर्णन मातेनें नातवाच्या राज्यकाळीं शिळेवर कोरविलें आहे. आपल्या घरांतील वडील स्त्रियांस तो लेख कोणी जाणत्यानें अवश्य समजावून सांगावा.

परंतु आम्हांस सर्वांत मौज वाटली ती दहाव्या लेण्यांतील हिशेबाची. क्षत्रप नहपानाचा जामात उषवदात यानें भिक्षुसंघास तीन हजार कार्षापण दिले. पण ते रोख वांटले नाहींत. गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे दोन हजार दरमहा शेंकडा एक या दरानें, आणि दुसऱ्या श्रेणीकडे एक हजार दरमहा शेंकडा पाऊण या दरानें ठेविले. मुद्दलास हात लावावयाचा नाहीं; पहिल्या रकमेच्या व्याजांतून वीस भिक्षूंस प्रत्येकीं बारा कार्षापण वस्त्रासाठीं द्यावयाचे. वाचकांनीं गुणाकार करून पाहावा, हिशेब बिनचूक जुळतो. विणकरांची संस्था एवढी पतीची होती कीं राजाच्या जांवयानें आपलें धर्मदाय द्रव्य तिच्याकडे निर्धास्तपणें सोंपवावें, ही गोष्ट त्या काळच्या व्यापाराविषयीं अनेक ग्रंथांहून अधिक सांगते.

लेण्यांतील दगड टिकला. मातीचें नशीब निराळें. जुनी गढी, जिला कोणी काझीची गढी म्हणतात, ही नदीकांठची उंच मातीची टेकडी आहे. इ. स. १९५०-५१ मध्यें डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकळिया व डॉ. शां. भा. देव यांनीं येथें उत्खनन केलें, तेव्हां ख्रिस्तपूर्व काळापासूनच्या वस्तीचे थर एकावर एक रचलेले आढळले. आज तिच्या माथ्यावर दाटीनें घरें उभीं आहेत, आणि दर पावसाळ्यांत नदीकडील कडा ढासळते. जागा सोडण्याच्या नोटिसा येतात, पाऊस संपतो, माणसें तेथेंच राहतात. खालीं उभें राहून पाहिलें असतां ढासळलेल्या मातींत खापरांचे तुकडे दिसतात आणि वर दोरीवर वाळत घातलेलीं लुगडीं दिसतात. इतिहास वांचवावा कीं माणसें हलवावीं, असा प्रश्न येथें नाहीं. दोहोंचें रक्षण एकाच भिंतीनें होणार आहे, आणि ती भिंत व्हावयास हवी.

तेथून सराफ बाजाराकडे वळावें. पेशवेकालीन सरकारवाडा येथेंच आहे. पलीकडे दहीपूल. हें नांव ऐकून पूल शोधूं लागल्यास तो सांपडत नाहीं, कारण त्याखालून वाहणारा सरस्वती ओढा रस्त्याखालीं गाडला गेला आहे. मात्र मोठा पाऊस झाला कीं दुकानांच्या पायऱ्यांवर पाणी चढतें. ओढ्यास माणसांनीं विसरावें, ओढा आपली वाट विसरत नाहीं.

याहून नवलाची गुप्त जागा म्हणजे रहाड. तिवंधा, दिल्ली दरवाजा, पंचवटींतील शनि चौक अशा चौकांत आपण ज्या जमिनीवरून चालतों तिच्याखालीं दगडी बांधणीचे पेशवेकालीन हौद आहेत. वर्षभर ते मातीनें बुजवून झांकलेले असतात. वरून रहदारी चालते व भाजी विकली जाते. रंगपंचमीच्या सुमारास तरुण मंडळी चौक उकरतात, हौद स्वच्छ करितात आणि पानाफुलांच्या उकळलेल्या रंगानें तो भरतात. प्रत्येक रहाडीचा रंग परंपरेनें ठरलेला. पूजा झाल्यावर लोक हातपाय जुळवून आंत उडी घेतात; त्यास तेथें ‘धप्पा’ म्हणतात. आम्ही गेलों तेव्हां हंगाम नव्हता. चौकांतील एका वृद्ध दुकानदारानें पायाच्या अंगठ्यानें जमीन दाखवून “येथें आहे,” एवढेंच सांगितलें. दरवर्षीं पुन्हां उकरण्यासाठींच एखादी वस्तु जपून पुरून ठेवणारें दुसरें गांव आमच्या पाहण्यांत नाहीं.

आतां नदीवर येऊं. नाशिककर गोदावरीस गंगाच म्हणतात. “गंगेवर जाऊन येतों” हें वाक्य तेथें रोजचें आहे. पात्रांत रामकुंडासह अनेक कुंडें आहेत व त्या प्रत्येकाचें नांव आणि माहात्म्य निराळें. दुतोंड्या मारुति हें त्या घाटावरचें खरें पूरमापक होय. गंगापूर धरणांतून पाणी सोडलें कीं सारें गांव विचारतें, “मारुतीच्या कोठवर आलें?” गुडघे, कंबर, छाती, गळा, या मापांत २००८, २०१६ व २०१९ या वर्षींचे मोठे पूर लोक सांगतात. समोरच नारोशंकरांनीं १७४७ सालीं बांधविलेलें रामेश्वराचें देऊळ आहे. त्याच्या पुढील भिंतीवरची घंटा पोर्तुगीजांची. १७३९ सालच्या वसईच्या विजयांत मिळालेली. मोठ्या आवाजाच्या व्यक्तीस ‘नारोशंकराची घंटा’ म्हणण्याचा प्रघात हिच्यामुळेंच पडला.

या घाटावर एक गोष्ट मनास लागते. २००३ च्या सिंहस्थाच्या तयारींत नदीच्या तळाला सिमेंटचें काँक्रीट घालण्यांत आलें आणि कांहीं प्राचीन कुंडें त्याखालीं गेलीं. खालचे झरे कोंडले गेले अशी तक्रार करून जागरूक नागरिकांनीं न्यायालयापर्यंत दाद मागितली, आणि पुढें कांहीं भागांतील काँक्रीट काढण्यास आरंभ झाला. तीर्थाचें तीर्थपण पाण्यांत असतें. यात्रेकरूंची सोय करितांना पाण्याचीच वाट बंद केली तर सोय कशाची झाली, हा विचार भाविकांनींच प्रथम करावयास हवा.

पंचवटींतील काळारामाचें मंदिर सरदार रंगराव ओढेकर यांनीं अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधविलें. रामशेजच्या डोंगराचा काळा दगड, बारा वर्षें काम, दोन हजार माणसें आणि तेवीस लक्ष रुपये खर्च, असें सांगतात. शिल्प साधें परंतु भव्य आहे. पण त्या महाद्वारापुढें उभें राहून केवळ शिल्पाविषयीं बोलणें हा अप्रामाणिकपणा होईल. २ मार्च १९३० रोजीं डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं, दादासाहेब गायकवाड प्रभृति कार्यकर्त्यांसह हजारों अस्पृश्य मानलेले बांधव दर्शनासाठीं या दारांशीं आले, आणि दारें बंद करण्यांत आलीं. त्या वर्षीं रामनवमीच्या सुमारास रथाच्या प्रसंगीं दगडफेक झाली. सत्याग्रह पुढें कित्येक वर्षें चालला. दारें उघडलीं नाहींत. १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं याच जिल्ह्यांतील येवलें येथें डॉक्टरांनीं धर्मांतराची घोषणा केली. ज्या घरांतून हें मासिक वाचलें जातें त्यांपैकीं अनेकांचे पणजोबा त्या काळीं दाराच्या आंतल्या बाजूस होते. आज तें द्वार सर्वांस मोकळें आहे. मुलांस रामाची मूर्ति दाखविणाऱ्या वडिलांनीं हेंहि दार दाखवावें आणि तें कोणीं, कोणासाठीं लावलें होतें हें स्पष्ट शब्दांत सांगावें.

नदी ओलांडून पुन्हां गांवांत आल्यावर तिळभांडेश्वराच्या बोळांत शिरावें. सावरकर बंधूंच्या मित्रमेळ्याचें व पुढें अभिनव भारताचें हें स्थान. बोळ इतका अरुंद कीं शेजारच्या घरांतील फोडणीचा वास सहज यावा. अशा जागीं साम्राज्याविरुद्ध शपथा घेतल्या गेल्या. याच शहरांतील विजयानंद नाट्यगृहांत २१ डिसेंबर १९०९ रोजीं ‘शारदा’ नाटकाच्या प्रसंगीं अनंत कान्हेरे यांनीं कलेक्टर जॅक्सन यांजवर गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० रोजीं कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे या तिघां तरुणांस ठाण्याच्या तुरुंगांत फांशी झाली.

नाशिक पायीं पाहूं इच्छिणारांस थोडी सूचना. हिवाळ्याचे दिवस निवडावे, प्रातःकाळीं निघावें, आणि मुक्काम निदान तीन दिवसांचा ठेवावा. एक दिवस लेण्यांस, एक नदी व पंचवटीस, एक बोळांस. जुन्या वाड्यांच्या कोरीव खांबांकडे पाहतांना पायांखालीं व डोक्यावर लक्ष असावें, कारण दर पावसाळ्यांत त्यांतील एखादा तरी कोसळतो. घराण्याच्या तीर्थोपाध्यायांकडे जाऊन वहींतील आपल्या पूर्वजांचीं नांवें मुलांकडून मोठ्यानें वाचवून घ्यावींत. पुढील सिंहस्थाचीं मुख्य स्नानें २०२७ सालीं आहेत. तेव्हां गर्दींत कांहींच दिसणार नाहीं. ज्यांस गांव पाहावयाचें आहे त्यांनीं त्यापूर्वीं जावें, आणि जुन्या वस्तूंपैकीं काय टिकलें व काय गेलें हें पाहण्यासाठीं सिंहस्थ आटोपल्यावर पुन्हां एकवार जावें.