पुढचा नाका

माणसाला आपले गाव जगात एकच आहे असे वाटते. पत्त्याला तसे वाटून चालत नाही. आमचे माहीम पालघरजवळचे, पानमळ्यांचे. दुसरे मुंबईतले. त्या माहीमला आम्ही मनातून खरे माहीम मानीत नाही, ही गोष्ट वेगळी!

माझी लेक संगणकशास्त्र शिकते. परवा तिने मला राउटरची भाषा समजावली. इंटरनेटवर मजकूर सलग जात नाही. त्याची लहान लहान पाकिटे होतात. प्रत्येकावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा अंकी पत्ता. वाटेतला नाका म्हणजे राउटर. त्याला सबंध रस्ता ठाऊक नसतो. तो पत्ता पाहतो, आपल्या तक्त्यात सुरुवातीचे सर्वांत जास्त अंक जुळणारी ओळ शोधतो आणि पाकीट पुढच्या नाक्याकडे सोडतो. हे फॉरवर्डिंग. शेजारच्या नाक्यांशी बोलून तो तक्ता तयार करणे आणि वाट बंद पडली की बदलणे, हे राउटिंग.

“अगं, हा तर आपला पिनकोड!” मी म्हणालो. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेल्या त्या सहा अंकांतले पहिले तीन टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा सांगतात, शेवटचे तीन पोस्ट. ४०० दिसले की मुंबई, ४०१ दिसले की आमची बाजू. योजनेचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतचे कवी होते, याचा मराठीच्या मास्तराला अभिमान वाटला तर हसू नका.

पिनकोडाच्या आधीची गोष्ट. माझी थोरली आत्या अंथरुणाला खिळली होती. ‘लगेच या’ असे कार्ड वडिलांना कोणी घाईत लिहिले. पत्त्यात नुसते ‘माहीम’. ते मुंबईचे माहीम हिंडून आमच्याकडे पोचले, तेव्हा आत्याचे तेरावेही होऊन गेले होते. वडील त्याविषयी कधी बोलले नाहीत. कार्ड मात्र त्यांच्या पेटीत शेवटपर्यंत होते.

इंटरनेटच्या पाकिटावर आयुष्याचा आकडा असतो. दर नाक्यावर तो एकने घटतो; शून्य झाला की पाकीट टाकून देतात, म्हणजे ते उगाच गरगरत राहत नाही. पोच आली नाही, तर बहुधा पाठवणारे यंत्र तोच मजकूर पुन्हा धाडते. आत्याला दुसरे कार्ड धाडायला सवड नव्हती.

सगळा रस्ता कोणालाच ठाऊक नसतो, तरी जो तो पुढचा नाका नीट दाखवतो म्हणून जग चालते. पत्ता मात्र लिहिणाऱ्यानेच पुरा लिहायचा.

लेक आता शिकायला दूर जायची आहे. “बाबा, पत्रे कोण लिहितो हल्ली?” असे ती म्हणते. खरे आहे. तरी तिच्या बॅगेत चार पोस्टकार्डे ठेवीन म्हणतो. पालघरसकट पत्ता घालूनच.