अनसोल्ड पोट्टा कितव्या नंबरवर टाकायचा?

परवा संध्याकाळी दुकान बंद केलं आणि बसस्टँडकडच्या टपरीवर चहाला थांबलो. तिथं आमच्या काटोलच्या पोट्ट्यांचा आवडता खेळ रंगला होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाहला आयपीएलचा मोठा लिलाव झाला. २०२५ चा सीझन पाहून झाल्यावर तोच लिलाव पुन्हा घेतला, तर कोण कितीला जाईल आणि कोण कितव्या नंबरवर येईल, याची यादी लावायची.

पोट्टे हुशार आहेत. आकडे तोंडपाठ. ऋषभ पंत २७ कोटींना लखनौला गेला, सगळ्यात महाग. शेवटच्या मॅचमधलं नाबाद शतक धरूनही सीझनमध्ये रन किती? २६९. टाका खाली. व्यंकटेश अय्यर २३ कोटी ७५ लाख, रन १४२. अजून खाली. प्रसिध कृष्णा साडेनऊ कोटींचा, पण २५ विकेट घेऊन पर्पल कॅप त्याच्याकडे. घ्या वर. कृणाल पांड्या पावणेसहा कोटींचा आणि फायनलचा मॅन ऑफ द मॅच. तोही वर. आणि वैभव सूर्यवंशी, वय चौदा, किंमत १ कोटी १० लाख, ३५ बॉलमध्ये सेंच्युरी. त्याच्यावरून दहा मिनिटं भांडण.

पहिल्या नंबरवर मात्र एकमत. जितेश शर्मा, बंगळुरू, ११ कोटी. अमरावतीचा आहे, म्हणजे कारण विचारायची गरजच नव्हती. तरी एकानं विचारलं, तर दुसरा म्हणाला, "अबे, २७ मे ची मॅच पाह्यली का नाही तू? पंतनं ११८ मारले, अन् याच्या ३३ बॉलमध्ये ८५ नॉट आउट. २२८ चेस केले. सत्तावीस कोटीवाला अन् अकरा कोटीवाला एकाच मॅचमध्ये. आता सांग!"

हा खेळ जुनाच आहे. अमेरिकेत बास्केटबॉलमध्ये लिलाव नसतो, ड्राफ्ट असतो. संघ आळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात, आणि तिथले लोक वर्षानुवर्षं जुन्या याद्या उकरून नव्यानं लावत बसतात. १९८४ मध्ये मायकल जॉर्डन तिसऱ्या नंबरवर निवडला गेला, त्याच्या आधी दोघं. २०१४ मध्ये निकोला योकिच चक्क एक्केचाळिसावा, आणि तो पुढं आपल्या पिढीतला सगळ्यात मोठ्या खेळाडूंपैकी एक झाला. आपल्याकडेही २००८ मध्ये अंडर-१९ च्या पोरांसाठी असाच ड्राफ्ट झाला होता. दिल्लीला आपल्याच गावचा विराट कोहली घेता आला असता. त्यांनी प्रदीप सांगवान घेतला. कोहली बंगळुरूला गेला. आज सगळे दिल्लीला हसतात. पण तेव्हा दिल्लीकडे सेहवाग होता, गंभीर होता. त्यांना डावखुरा फास्ट बॉलर पाहिजे होता. त्या दिवशीच्या हिशोबानं त्यांचं फार चुकलं नव्हतं.

इथपर्यंत मीही मजा घेत होतो. मग एकानं मोबाइलमधून आमच्याच लीगची चार वर्षांपूर्वीची यादी काढली.

बाहेरगावच्या मित्रांसाठी सांगतो. आता आमच्याकडे गावोगावी टेनिस बॉलच्या प्रीमियर लीग होतात. बॅनर, टी-शर्ट, यूट्यूबवर लाइव्ह, आणि लिलाव. पैशाचा नाही, पॉइंटचा. आमच्या लीगमध्ये आठ टीम होत्या, प्रत्येक ओनरला दहा हजार पॉइंट आणि तेरा खेळाडू घ्यायचे. फॉर्म भरलेले दीडशेच्या वर. मंगल कार्यालय भाड्यानं घेतलं होतं. पडद्यावर पोराचा फोटो, खाली गाव आणि वय, निवेदक माइकवर, आणि डीजे. माझं कृषी केंद्र आहे, चार पैसे देऊ शकतो, म्हणून मलाही एक टीम दिली होती. मी ओनर!

तर पोट्टे ती यादी लावायला बसले. सगळ्यात महाग गेलेला बॅट्समन, ३,४०० पॉइंटचा, आदल्या वर्षी फायनलमध्ये तीन सिक्स मारले म्हणून. दोन वर्षं खेळला, खांदा दुखावला, आता बुटीबोरीला कंपनीत आहे. गेला आठव्या नंबरवर. बेस प्राइसला, म्हणजे २०० ला उचललेला एक बॉलर आज आसपासच्या तीन तालुक्यांत बोलावून खेळवतात. आला पहिल्यावर. माझ्या टीममधला एक, जो मी १,८०० ला घेतला होता, त्याला शेवटी टाकलं आणि माझ्याकडे पाहून सगळे हसले. बरोबरच होतं. तो माझ्या ओळखीच्या माणसाचा पुतण्या होता. मी खेळ पाहून घेतलाच नव्हता.

मग यादी लावणाऱ्यानं पेन थांबवला आणि विचारलं, "काका, थो अनसोल्ड राह्यलेला पोट्टा? डाव्या हातानं स्पिन टाकत होता म्हने. त्याले कुठं टाकाचं?"

कोणी बोललं नाही. दुसरा म्हणाला, "त्याले कसा टाकशीन बे? त्याची बॉलिंग पाह्यलीच कोनं?"

आणि पेन पुढच्या नावावर गेला. मी चहा संपवला आणि निघालो. रात्रभर मात्र हेच डोक्यात.

कारण तो पोरगा मला माहीत आहे. लिलावाच्या दिवशी सतरा वर्षांचा होता. पडद्यावर फोटो आला, शाळेच्या ओळखपत्रातलाच असावा, केस नीट बसवलेले. निवेदकानं नाव घेतलं, गाव घेतलं. माझ्याकडे तेव्हा सहाशे पॉइंट शिल्लक होते आणि दोन जागा. दोनशेला हात वर केला असता तर काम झालं असतं. पण मला सांगून ठेवलं होतं की अजून एक "आपला" पोरगा यायचा आहे, पॉइंट राखून ठेवा. मी हात खालीच ठेवला. "एक बार, दोन बार..." आणि डीजेवाल्यानं तो रडका आवाज वाजवला, सिनेमात कोणाची फजिती झाली की वाजतो ना, तो. पडद्यावर लाल अक्षरात 'अनसोल्ड'. हॉल हसला. खोटं कशाला बोलू, मीही हसलो.

गेली दोन वर्षं तो माझ्याच दुकानात येतो. घरच्या संत्र्याला डिंक्या लागतो, त्याचं औषध न्यायला. कधी विषय काढला नाही. मागच्या महिन्यात दुकानात दुसरं कोणी नव्हतं, तर मीच विचारलं, "अरे, खेळतोस का अजून?"

म्हणाला, "नाही काका. त्या दिवसापासून बॉल नाही धरला."

मी म्हटलं, "एवढ्याशा गोष्टीनं?"

तो थोडा थांबला. म्हणाला, "मायनं मोबाइलवर लाइव्ह पाह्यलं होतं. मी घरी आलो तर थे म्हने, अनसोल्ड म्हनजे काय रे?"

मी बिल फाडलं. दुसरं काही सुचलं नाही.

आता मुद्द्यावर येतो. आपण या मागाहून लावलेल्या याद्यांना फार खरं मानतो. आपल्याला वाटतं, आज सगळं दिसतंय, आता लावलेला नंबर म्हणजे खरा नंबर. पण या यादीतही फक्त खेळलेल्यांचीच नावं असतात. ज्याला घेतलंच नाही, त्याच्या नावापुढं रन नाहीत, विकेट नाहीत. योकिच एक्केचाळिसावा का होईना, पण यादीत होता. त्याला मैदान मिळालं, म्हणून आज आपण म्हणतो की त्याचा नंबर चुकला होता. ज्याला मैदानच मिळालं नाही, त्याच्याबाबतीत आपलं चुकलं की बरोबर होतं, हे कधीच कळत नाही. आणि कळत नाही म्हणून आपल्याला वाटतं, बरोबरच असेल.

जितेशचंच घ्या. २०१६ आणि २०१७ मध्ये तो मुंबईच्या संघात होता. एकही मॅच मिळाली नाही. तेव्हा कोणी यादी लावली असती तर त्याला कुठं टाकलं असतं? त्यानंतर आयपीएलची पहिली मॅच मिळाली थेट एप्रिल २०२२ मध्ये, पंजाबकडून, वीस लाखांच्या किमतीवर. मधली वर्षं तो काय करत होता? विदर्भाकडून खेळत होता. आयपीएलमध्ये बाकावर असलेल्या पोराला विदर्भानं बॅट धरायला जागा दिली, म्हणून त्याच्या नावापुढं आकडे जमा झाले.

उमेश यादव तर आपल्याच जिल्ह्यातला, खापरखेड्याजवळच्या वलनीचा. वडील कोळसा खाणीत कामाला. पोरगं टेनिस बॉलवर खेळायचं, पोलीस भरतीत जमलं नाही. लेदर बॉल हातात आला तोच विशीच्या आसपास. २००८ मध्ये रणजी आणि २०११ मध्ये कसोटी, विदर्भाचा पहिला कसोटीपटू. कोणीतरी त्याला म्हटलं असणार, "टाक बरं दोन ओव्हर." पुढचं सगळं त्या दोन ओव्हरनंतरचं.

आणि हर्ष दुबे. २०२४-२५ च्या रणजीत ६९ विकेट, एका सीझनमधला विक्रम, आणि विदर्भ तिसऱ्यांदा चॅम्पियन. आयपीएलमध्ये तो आला मे २०२५ मध्ये, दुखापत झालेल्या खेळाडूच्या जागी, हैदराबादकडून. मोठ्या लिलावाच्या वेळी रणजीचा सीझन अर्धाच झाला होता. लिलावाला दिसलं नाही, ते रणजीच्या मैदानानं दाखवलं.

म्हणजे लिलाव चुकणारच. कोट्यवधी रुपये, कॉम्प्युटर, व्हिडिओ सगळं असून त्यांचं चुकतं, तर आपल्या मंगल कार्यालयात काय होणार! आमच्याकडे व्यापारी संत्र्याचा बगीचा झाडावरच पाहून सौदा करतो. कधी फळगळ होते, तो बुडतो. कधी भाव चढतो, तो कमावतो. पण तिथं अंदाज चुकला तर अंदाज करणाऱ्याच्या खिशाला चाट बसते. पोरांच्या लिलावात माझा अंदाज चुकला, तर माझं काय गेलं? पॉइंट. तेही खोटे. जे गेलं ते त्या पोराचं गेलं.

आयपीएलमध्ये अनसोल्ड राहिला तर त्याच्या हातात निदान रणजी असते, क्लब असतो, नोकरी असते. आमच्या खेड्यातल्या पोराला ती लीग म्हणजेच सगळं. तिथं नाही, तर कुठंच नाही. वरून सगळ्या गावासमोर लाल अक्षरात शिक्का.

लीग बंद करा असं मी म्हणत नाही. लीगमुळे पोट्टे मैदानावर येतात, चार दिवस मोबाइल सुटतो, मला आनंदच आहे. यंदा कमिटीनं मला पुन्हा टीम घ्यायला सांगितलं आहे. मी पैसे देतो म्हटलं, पण चार गोष्टी मांडल्या आहेत:

एक. अठरा वर्षांखालच्या पोरांची बोली लावायची नाही. त्यांची नावं चिठ्ठ्या टाकून टीममध्ये वाटायची.

दोन. प्रत्येक टीममधल्या शेवटच्या तीन जागा चिठ्ठीनं भरायच्या. तिथं ओनरची ओळख चालणार नाही, माझीही नाही.

तीन. 'अनसोल्ड' हा शब्द माइकवर आणि पडद्यावर येणार नाही. उरलेल्या पोरांसाठी एक दिवस आधी वेगळ्या मॅच ठेवायच्या, आणि ओनरांनी त्या उभं राहून पाहायच्या.

चार. टीममध्ये घेतलेल्या प्रत्येकाला निदान एका मॅचमध्ये एक ओव्हर किंवा वरची बॅटिंग. आणि स्कोअरबुक नीट ठेवायचं. पुढच्या वर्षी बोली लावायची तर ते वही पाहून लावा, आडनाव पाहून नाही.

कमिटीत दोघं म्हणाले, "भाऊ, मग लिलावात मजा काय राह्यली?" त्यांना मी काही बोललो नाही. तो रडका आवाज मला आठवला. रविवारी बैठक आहे, पाहू.

त्या पोराला मी यंदाचा फॉर्म दिला. झालं त्याबद्दल माफीही मागितली, थोडी उशिराच. तो "काय काका" म्हणून लाजला. फॉर्मची घडी घातली आणि औषधाच्या बिलासोबत खिशात ठेवली. अजून भरून आणलेला नाही. आणेलच असंही नाही, चार वर्षं झालीत, घरचा बगीचा त्याच्याकडेच आहे.

तुमच्याही गावात लीग असेल. लिलावाला बसाल तेव्हा पडद्यावरच्या पोराकडे एकदा नीट पाहा. त्याची माय घरी मोबाइलवर पाहत असते. आणि पॉइंट शिल्लक असतील, तर हात वर करा हो. दोनशेच तर जातात.