टेनेसीकांठचे चार ऋतु

ज्याच्या कुळांत सात पिढ्या मासळी शिजली नाहीं, अशा आमच्यासारख्या सेवानिवृत्त शाळामास्तरानें मासेमारीवर लेखणी चालवावी, याचें वाचकांस नवल वाटेल. परंतु आमचे चिरंजीव अमेरिकेंत आलाबामा संस्थानांतील हंट्सव्हिल येथें नोकरीस आहेत. त्यांच्याकडे आमच्या दोन खेपा झाल्या, आणि मोटारीनें तासाभराच्या आंत गांठतां येणाऱ्या गंटर्सव्हिल सरोवराचे चारही ऋतु आम्हीं पाहिले.

हें सरोवर निसर्गनिर्मित नव्हे. सन १९३५ ते १९३९ या काळांत टेनेसी नदीस धरण बांधल्यानें तें झालें. लांबी सुमारें ७५ मैल. कांठाशीं पाणगवत माजलेलें. ‘लार्जमाउथ बॅस’ नामक मत्स्यास याहून सुखाचें घर कोणतें? पाठ हिरवी, कुशीवर काळसर पट्टा, आणि जबडा एवढा लांब कीं त्याचें टोंक डोळ्याच्याहि मागें पोंचतें. म्हणून हें नांव.

हिवाळ्यांत हा खोल पाण्यांत मंदावून राहतो. त्याचें रक्त थंड, तशी भूकहि थंड. आमिष अगदीं सावकाश ओढावें लागतें. उन्हाळ्यांत तो ऊन चुकवून खोल पाणी किंवा गवताची सावली धरतो. म्हणून गळ टाकावयाचा तो पहांटे किंवा तिन्हीसांजां. शरदांत शॅड नांवाच्या लहान माशांचे थवे ओढ्यांच्या मुखांत शिरतात व हा त्यांच्या पाठीं लागतो. तेव्हां पाणी कढईंतल्या तेलासारखें उसळतें.

परंतु सांगण्याजोगा ऋतु वसंतच. पाणी सुमारें ६० ते ६५ अंश फॅरनहाइट तापलें कीं नर उथळ जागीं शेपटीनें तळ झाडून वाटोळें घरटें करतो. मादी अंडीं घालून निघून जाते. मागें राखण करतो तो बाप. पिलें बाहेर आल्यावरहि कांहीं दिवस त्यांचा घोळका सांभाळतो.

एप्रिलांतील एका सकाळीं आमच्या दहा वर्षांच्या नातवानें असाच एक नर घरट्यावरून उचलला. “आजोबा, आपण मारत नाहीं, लगेच सोडतों,” असें त्यानें आधींच सांगून ठेविलें होतें, आणि तेवढ्यावर आमचें समाधानहि झालें होतें. छायाचित्राची तयारी चालली असतां आमची दृष्टि पाण्याकडे गेली. तळहाताएवढे ब्लूगिल मासे चोहोंकडून धांवून अंड्यांवर तुटून पडले होते.

“बाळ, छायाचित्र राहूं दे. आधीं त्याला सोड. त्याचें घर लुटलें जात आहे.”

मासा सुटला. तो खोल पाण्याकडे पळाला नाहीं. क्षणभर थबकून घरट्याकडेच वळला, व चोर पांगले. अंडीं किती उरलीं असतील, देव जाणे. न मारणें म्हणजे अहिंसा, असें आम्हीं वर्गांत वर्षानुवर्षें शिकविलें. मासा जिवंत सोडूनहि त्याचा वंश बुडवितां येतो, हें मात्र त्या दिवशीं कळलें.

पुढें त्या वसंतांत नातवानें घरट्यावर गळ टाकला नाहीं. आम्हीं त्यास तसें सांगितलेंहि नव्हतें. दुसऱ्या खेपेस, शरदांत, त्यानें आम्हांस पुन्हां होडींत बसविलें. आणि खरें सांगावयाचें तर, दोरीस ओढ लागतांच आमचाहि हात काठीकडे धांवला.