शटरची कळ आणि आखडलेले बोट

हाताचे दुखणे घेऊन येणारा ज्येष्ठ रुग्ण सहसा 'माझे बोट दुखते' असे सांगत नाही. तो अडलेले काम सांगतो. डब्याचे झाकण उघडत नाही, सदऱ्याची गुंडी काजात जात नाही, बँकेतली सही जुळत नाही. या यादीत अधूनमधून आणखी एक तक्रार ऐकू येते : फोटो हलतात. ऐकणाऱ्यांना ती किरकोळ वाटते. मला तशी वाटत नाही. ज्या माणसाने तीस-चाळीस वर्षे घरातली बारशी, मुंजी आणि लग्ने टिपली, तो एक दिवस कॅमेरा कपाटात ठेवून समारंभात कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसतो, तेव्हा घरातली त्याची एक जागा रिकामी होते. ती जागा राखण्यास कधी कधी वाटाण्यापेक्षा थोडी मोठी अशी एक चकती पुरते. तिला 'सॉफ्ट रिलीज' म्हणतात. आजचा लेख तिच्याविषयी आणि ती ज्या बोटासाठी आहे त्या बोटाविषयी आहे.

पंचाहत्तरी ओलांडलेल्या एका निवृत्त शिक्षकांना त्यांच्या सूनबाई माझ्याकडे घेऊन आल्या. बाबांचे फोटो हलू लागले आहेत, त्यांना कंपवात तर झाला नसेल ना, ही त्यांची धास्ती होती. हात तपासले, ते स्थिर होते. मी त्यांना पुढच्या भेटीत कॅमेरा घेऊन येण्यास सांगितले. त्यांनी माझ्यासमोर कळ दाबली आणि कारण उघड झाले. तर्जनीचे टोकाचे पेर वाकत नसल्यामुळे ते कळ दाबत नव्हते, तिच्यावर बोट आपटत होते. त्या धक्क्याने कॅमेऱ्याची उजवी बाजू खाली झुकत होती आणि नेमके त्याच क्षणी शटर उघडत होते. हात कापत नव्हता. कळ लहान होती आणि बोट आखडले होते.

आपण आपल्या किंवा घरातील ज्येष्ठांच्या बोटांकडे निरखून पाहा. नखाच्या मागच्या सांध्यावर दोन्ही बाजूंना हरभऱ्याच्या डाळीएवढे टणक उंचवटे दिसतात का? झिजेच्या संधिवाताची ही ओळखीची खूण आहे. अठराव्या शतकातील इंग्लंडमधील वैद्य विल्यम हेबर्डन यांनी या गाठींचे वर्णन केले आणि वातरक्ताशी, म्हणजे गाउटशी, त्यांचा संबंध नाही हेही स्पष्ट केले. त्यांच्या मृत्यूनंतर १८०२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हे वर्णन आहे. आजही या गाठींना त्यांचेच नाव आहे. सुरुवातीचा दुखरा काळ सरला की पुष्कळदा वेदना कमी होते. मात्र सांधा ताठ राहतो. कॅमेऱ्याची कळ तर बोटाच्या टोकानेच दाबण्यासाठी घडवलेली असते.

सॉफ्ट रिलीज येथे उपयोगी पडतो. जुन्या पद्धतीच्या अनेक कॅमेऱ्यांच्या कळीच्या मध्यभागी आटे पाडलेले एक बारीक छिद्र असते. १९५४ चा लायका एम ३, १९६६ चा याशिका इलेक्ट्रो ३५, १९७६ चा पेंटॅक्स के १०००, १९८२ चा निकॉन एफएम २ ही त्याची उदाहरणे. डिजिटल युगात फुजीफिल्मने २०११ मध्ये आणलेल्या एक्स १०० नेही ते छिद्र राखले. मुळात ते केबल रिलीज नावाची लवचीक तार बसवण्यासाठी असते. त्याच छिद्रात देठ असलेली धातूची चकती फिरवून बसवली की कळ रुंद होते आणि काही मिलिमीटर उंचही होते.

एवढ्याने काय साधते? कळीखालच्या स्प्रिंगला लागणारा जोर कमी होत नाही, हे आधी समजून घ्यावे. बदलते ती जोर लावण्याची रीत. कळ उंच झाल्यामुळे बोटाचे टोक आकडीसारखे वाकवावे लागत नाही. बोट सपाट ठेवून मधल्या पेराच्या खालच्या बाजूने चकती दाबता येते आणि हालचाल तळहाताजवळच्या सांध्यातून होते. बोटाचे टोक ताठ झालेल्या माणसाचाही हा मोठा सांधा बहुधा चांगला चालतो. शिवाय दाब पसरतो. चकतीचा व्यास कळीच्या दीडपट असेल, तर क्षेत्रफळ सव्वादोन पट होते. दुखऱ्या जागी तेवढे कमी टोचते. मधुमेहामुळे ज्यांची बोटे बधिर झाली आहेत, त्यांना कळ कुठे आहे हे नुसत्या स्पर्शाने कळत नाही. त्यांना किंचित खोलगट चकती सोयीची वाटते, कारण बोट तिच्यात आपोआप स्थिरावते. सपाट बोटाने दाबणाऱ्यांना फुगीर चकती बरी पडते.

चकती बसवल्यावर दाबण्याची सवयही बदलावी लागते. कोपरे छातीलगत घ्यावीत किंवा खुर्चीत बसून टेबलावर टेकवावीत. डावा तळहात भिंगाखाली ठेवून कॅमेऱ्याचे वजन त्यावर तोलावे. त्यामुळे उजव्या अंगठ्याच्या मुळावरचा ताण हलका होतो. श्वास सावकाश सोडावा आणि सोडता सोडता, लिंबू हळूहळू पिळावे तसे बोट दाबत जावे. डिजिटल कॅमेऱ्यात अर्ध्या दाबाला चित्र स्पष्ट होते आणि पूर्ण दाबाला ते टिपले जाते. या दोन पायऱ्या बोटाला ओळखीच्या होईपर्यंत रोज दहा-वीस वेळा सराव करावा. यात बोटाला हलका व्यायामही घडतो.

काही गोष्टी मात्र सांभाळाव्यात. चकती बोटांनीच घट्ट करावी, पक्कड लावू नये. ती आपोआप सैल होऊन हरवते. देठात रबराचे बारीक कडे घातले की सहसा निघत नाही. उंच झालेली कळ पिशवीत चुकून दाबली जाते, म्हणून कॅमेरा बंद करूनच पिशवीत ठेवावा. कळीला छिद्र नसेल, तर वरून चिकटवायच्या चकत्याही मिळतात. घरात रांगते मूल असेल, तर ही चकती त्याच्या तोंडात जाणार नाही याची दक्षता घ्यावी.

आता खऱ्या कंपाविषयी. चकतीने कंप थांबत नाही. त्यासाठी शटरच्या वेगाची मदत घ्यावी. १८१७ साली जेम्स पार्किन्सन यांनी ज्या विकाराचे वर्णन केले, त्यातला कंप सेकंदाला साधारण चार ते सहा हेलकाव्यांचा असतो. म्हणजे एका हेलकाव्याला सुमारे एक पंचमांश सेकंद लागतो. शटर सेकंदाच्या अडीचशेव्या भागापुरते उघडले, तर तेवढ्यात हाताचा एका हेलकाव्याचा जेमतेम पन्नासावा भाग पुरा होतो आणि चित्र बरेच स्वच्छ येते. म्हणून भरपूर उजेडात आणि १/२५० किंवा त्याहून जलद वेगावर फोटो काढावेत. कंप जास्त असेल, तर कॅमेरा तिपाईवर ठेवून त्याच छिद्रात केबल रिलीज बसवावी. मग बोटाचा धक्का कॅमेऱ्यापर्यंत फारसा पोहोचतच नाही. दोन सेकंदांचा टायमर लावला तरी पुष्कळ फरक पडतो. मोबाइलवर फोटो काढणाऱ्यांनी पडद्यावरच्या गोलावर बोट मारण्याऐवजी आवाज कमी-जास्त करण्याची बाजूची कळ वापरून पाहावी. बहुतेक फोनमध्ये तिने फोटो निघतो. ब्लूटूथचे छोटे रिमोटही मिळतात, पण त्यांत बहुधा बटणासारखी बॅटरी असते. लहान मुलाने ती गिळली, तर उलटी करवण्याचा प्रयत्न न करता तत्काळ रुग्णालय गाठावे.

काही लक्षणांच्या बाबतीत मात्र कॅमेऱ्याकडे न पाहता डॉक्टरांकडे जावे. हात मांडीवर निवांत असताना एकाच बाजूचा कंप सुरू झाला, अक्षर बारीक होत गेले, चाल मंदावली, तर तपासणी लांबवू नये. दम्याच्या, थायरॉइडच्या किंवा फिट्सच्या काही औषधांमुळेही हात कापू शकतो. अशा वेळी औषधांची यादी सोबत न्यावी, स्वतःहून औषध बंद करू नये. मधुमेही व्यक्तीचा हात घाम सुटून अचानक कापू लागला, तर आधी साखर पाहावी. सकाळी तासाहून अधिक काळ बोटे आखडत असतील आणि सांधे सुजत असतील, तर तो झिजेचा विकार नसून निराळा संधिवात असू शकतो आणि त्याचे उपचार लवकर सुरू व्हावे लागतात. एका हातातील बळ एकाएकी गेले, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर ती तातडीची वेळ आहे. एक मिनिटही दवडू नये.

शेवटी, ज्येष्ठांची काळजी घेणाऱ्यांसाठी दोन शब्द. 'द्या इकडे, मी काढतो' हे वाक्य आपण प्रेमानेच बोलतो. पण ते पुनःपुन्हा ऐकणारा माणूस कॅमेऱ्यापाठोपाठ पोळपाट, पेन आणि किल्ल्याही सोडून देतो, आणि न वापरलेला हात अधिकच आखडतो. संधिवाताने बोटे पार वाकलेली असतानाही फ्रेंच चित्रकार रेन्वार १९१९ साली मृत्यू येईपर्यंत चित्रे काढत राहिले. त्वचा सोलवटू नये म्हणून त्यांच्या हाताला कापडी पट्ट्या गुंडाळल्या जात आणि कुणीतरी त्यांच्या बोटांत कुंचला ठेवून देई. कुंचला हातात देणाऱ्या त्या माणसाचे काम आपल्यालाही करता येते.

त्या निवृत्त शिक्षकांच्या कॅमेऱ्यावर आता एक लाल चकती आहे. त्यांचे सगळेच फोटो स्थिर येतात असे नाही. संध्याकाळच्या उजेडात काही अजूनही हलतात. पण कोणते हलतात आणि का, हे त्यांना कळते, आणि ते पुन्हा काढून पाहतात. आपल्या घरातही कपाटात असा कॅमेरा पडून असेल, तर तो बाहेर काढा. कळीच्या मध्यभागी छिद्र आहे का ते पाहा. नंतर कॅमेरा ज्याचा आहे त्याच्या हातात द्या, आणि त्याचे बोट कळ कशी दाबते ते शेजारी बसून शांतपणे पाहा.