सर्व्हर डाऊन आहे, म्हणजे नक्की काय झालंय?

गेल्या मे महिन्यात आमच्या गावात चार दिवस इंटरनेट नव्हतं. रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीनं केबल तोडली आणि त्यातच अवकाळीनं दोन खांब आडवे केले. गच्चीवर गेलं तर मोबाइलला एक-दोन दांड्या यायच्या. बातमी पाठवायला मी गाडी काढून एसटी स्टँडवर जायचो आणि तिथल्या बाकड्यावर बसून फोटो चढायची वाट बघायचो.

घरात पोरगं बारावीची परीक्षा देऊन मोकळं झालेलं. त्याच्या लॅपटॉपवर एक गेम आहे. पैसे मोजून विकत घेतलेला आणि एकट्यानंच खेळायचा. तरी तो उघडेना. आधी लॉगिन मागायचा, मग अपडेट.

"पप्पा, सर्व्हरशी कनेक्टच होत नाहीये."

म्हटलं, "अरे, तू एकटाच खेळतोस ना? मग सर्व्हर कशाला लागतो?"

त्याच्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याकडेही नव्हतं.

त्या संध्याकाळी मी कपाटाच्या वरच्या कप्प्यातून एक जुनी सीडी काढली. क्वेक थ्री अरेना. टेक्सासमधल्या इड सॉफ्टवेअर या कंपनीचा हा गेम डिसेंबर १९९९ मध्ये आला. बंदिस्त आखाड्यात सगळ्यांनी एकमेकांवर रॉकेट सोडायचे, एवढीच गोष्ट. मारामारीचा आहे, मोठ्या पोरांसाठीच आहे, हे आधीच सांगून टाकतो. पत्रकारितेचा डिप्लोमा करत असताना माझ्या शेजारच्या खोल्यांत इंजिनीअरिंगची पोरं राहायची. त्यांनी या खिडकीतून त्या खिडकीत केबल ओढली होती. रात्री अकरानंतर आमचा आखाडा भरायचा. तेव्हाची आमची प्रत चोरीची होती, कबूल करतो. नोकरी लागल्यावर पहिल्या दिवाळीला मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जाऊन मूळ सीडी घेतली. गेम खेळायला वेळ नव्हता, पण कर्ज फेडल्यासारखं वाटलं.

पोराला म्हटलं, "तुझ्या तीन मित्रांना बोलव. सर्व्हर आपणच उभा करू."

तो हसला. त्याच्या दृष्टीनं सर्व्हर म्हणजे हैदराबादला किंवा अमेरिकेत कुठंतरी असलेली, थंडगार काचेच्या इमारतीतली वस्तू.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरं जमली. माझ्या घरच्या ऑफिसातला जुना डेस्कटॉप आणि तीन लॅपटॉप. सीडी घालायची सोय फक्त डेस्कटॉपला. सीडीवर ओरखडे होते. बनियनच्या कापडानं मधून बाहेर पुसत पुसत चौथ्या वेळी ती वाचली गेली. तिच्यातली एकच फाइल महत्त्वाची, पॅक-झिरो नावाची, साडेचारशे एमबीच्या वरची. गेममधले नकाशे, चित्रं, आवाज सगळं तिच्यात. गेम चालवणारं इंजिन मात्र सीडीवरचं घ्यायचं नाही, कारण ते जुन्या विंडोजसाठी लिहिलेलं आहे. त्याऐवजी आयओ-क्वेक-थ्री नावाचं इंजिन आणि त्याच्यासोबतचा पॅच मी सकाळीच स्टँडवर बसून मोबाइलवर उतरवून आणला होता. दोन्ही मिळून इतकं लहान, की त्या दोन दांड्यांतसुद्धा उतरलं. इंजिन बसवायचं, त्याच्या बेस-क्यू-थ्री या फोल्डरमध्ये पॅक-झिरो ठेवायची, झालं इन्स्टॉलेशन. पेनड्राइव्हनं चारही मशीनवर तेच केलं.

मग जोडणी. केबलवाल्या मित्राकडून एक पाच पोर्टचा स्विच आणला, त्याच्याच क्रिम्पिंगच्या पक्कडीनं वायरींना टोकं बसवली. आत आठ तारा असतात, त्यांचा रंगांचा क्रम ठरलेला: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. राउटर नव्हताच, म्हणून प्रत्येक मशीनला हातानं पत्ता दिला. डेस्कटॉपला १९२.१६८.१.१०, बाकीच्यांना शेवटी ११, १२, १३. सबनेट मास्क सगळ्यांना सारखा, २५५.२५५.२५५.०. डेस्कटॉपवर गेम उघडून मल्टिप्लेअर, मग क्रिएट, नकाशा निवडला आणि सुरू. बाकीच्यांनी टिल्डची कळ दाबून काळी पट्टी उघडायची आणि कनेक्ट लिहून डेस्कटॉपचा पत्ता टाकायचा.

कुणाचंच जुळेना.

तिघांच्या तोंडून एकाच वेळी निघालं, "काका, सर्व्हर डाऊन आहे."

म्हटलं, सर्व्हर डाऊन कसा असेल? तो समोर टेबलावर आहे, पंखा फिरतोय, पडद्यावर आखाडा दिसतोय. मग एकेक तपासत गेलो. त्या तपासण्यासाठीच ही पोस्ट लिहितोय.

पहिल्या लॅपटॉपवरून डेस्कटॉपला पिंग मारलं, उत्तर आलं. म्हणजे वायर ठीक. मग अडवतंय कोण? गेम पहिल्यांदा उघडताना डेस्कटॉपच्या फायरवॉलनं परवानगी मागितली होती आणि माझ्या पोरानं सवयीनं 'कॅन्सल' दाबलं होतं. परवानगी दिली. हा गेम २७९६० या पोर्टवर बोलतो, ते दार उघडलं. पहिला लॅपटॉप आत आला.

दुसऱ्यावरून पिंगलाच उत्तर नव्हतं. स्विचवर त्याच्या पोर्टचा दिवाही बंद. टोक कापून बघितलं, तर हिरवी आणि निळी उलटसुलट बसली होती. परत क्रिम्प केलं, दिवा लागला.

तिसऱ्यावर गेमच उघडत नव्हता. पण त्यानं स्वच्छ सांगितलं होतं, की पॅक-झिरो फाइल नाहीये, तुमच्या मूळ सीडीवरून कॉपी करा. पोरानं कॉपी पूर्ण व्हायच्या आत पेनड्राइव्ह ओढला होता. फाइल अर्धवट. परत कॉपी केली.

तक्रार एकच होती, 'सर्व्हर डाऊन'. आजार मात्र तीन होते. एक परवानगीचा, एक तारेचा, एक फाइलचा. आणि तीनपैकी एकाही वेळी सर्व्हर डाऊन नव्हता.

मग जो धिंगाणा झाला तो विचारू नका. हिनं दोनदा येऊन "आवाज कमी करा" म्हणून सांगितलं. तिसऱ्यांदा आली ती पोहे घेऊन, आणि कोण जिंकतंय ते बघत उभी राहिली. मी चौथ्या मिनिटाला खपलो. पंचेचाळिशीत बोटं चालत नाहीत.

त्या तिघांत एक पोरगा वाडीवरचा. वडिलांची अडीच एकर कोरडवाहू. तो खेळ संपल्यावरही डेस्कटॉपसमोर उभा होता.

"काका, सर्व्हर म्हणजे हाच ना? असाच कुठंतरी ठेवलेला कम्प्युटर?"

"हो. त्यांचे मोठे असतात, पुष्कळ असतात. पण कम्प्युटरच."

"मग मी तीन दिवस सेतू केंद्रात जातोय उत्पन्नाच्या दाखल्याला. ते म्हणतात सर्व्हर डाऊन आहे. म्हणजे नक्की कुठं काय झालंय?"

मी गप्प झालो.

वीसेक वर्षं या तालुक्यात बातमीदारी करतोय. 'सर्व्हर डाऊनमुळे नागरिक त्रस्त' हा मथळा मी किती वेळा दिला असेल, मोजायला गेलो तर लाज वाटेल. सातबारा, रेशन, पीकविमा, शिष्यवृत्ती. दरवेळी रांगेचा फोटो, दोन म्हाताऱ्यांचं म्हणणं, 'तांत्रिक अडचण लवकरच दूर होईल' हे साहेबांचं वाक्य. पाऊस पडला, गारपीट झाली, तसं सर्व्हर डाऊन झाला. जणू निसर्गाचा कोप. कोणता सर्व्हर, कुठं ठेवलेला, कुणाच्या ताब्यात, कधीपासून बंद, हे एकदाही विचारलं नाही. अठरा वर्षांच्या पोरानं विचारलं.

दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर गेलो. केंद्रावरचा मुलगा साधा, अर्जामागे मिळणाऱ्या पैशांवर पोट असलेला. त्याला दोष देत नाही. गावाची केबल तुटली तरी तो 'सर्व्हर डाऊन' म्हणतो, वेबसाइट उघडली नाही तरी तेच, ओटीपी आला नाही तरी तेच. त्याला वेगळं काही सांगायला शिकवलेलंच नाही. आम्ही खेळत होतो त्या सव्वीस वर्षांच्या जुन्या गेममध्ये वायर निघाली की पडद्यावर 'कनेक्शन इंटरप्टेड' येतं, फाइल नसली तर फाइलचं नाव येतं. माणसाच्या शिक्षणाशी जोडलेल्या यंत्रणेत तेवढंही नाही.

आता यातली खरी मेख. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत द्यायची, नाकारली तर कारण लेखी द्यायचं, नाही दिलं तर अपील. कायदा चांगला आहे. पण मुदत मोजायची ती अर्ज दाखल झाल्यापासून. 'सर्व्हर डाऊन' असताना अर्ज दाखलच होत नाही. पोच नाही म्हणजे तारीख नाही, तारीख नाही म्हणजे उशीर नाही. ते पोरगं तीन दिवस उन्हात उभं राहिलं, त्याची नोंद शासनाच्या कुठल्याही कागदावर नाही. नकार मिळाला असता तर अपील करता आलं असतं. त्याला नकारही मिळाला नाही.

क्वेककडे परत येतो, कारण दुसरा धडा त्यातच आहे. ही सीडी इतक्या वर्षांनी चालली याचं कारण कंपनीचा एक निर्णय. इड सॉफ्टवेअरचे मुख्य प्रोग्रॅमर जॉन कारमॅक यांची रीत होती, की गेमचे विक्रीचे दिवस सरले की त्याच्या इंजिनचा कोड जगाला खुला करायचा. डूमचा १९९७ मध्ये केला, क्वेक थ्रीचा ऑगस्ट २००५ मध्ये. नकाशे-चित्रं कंपनीचीच राहिली, ती विकतच घ्यायची. पण इंजिन लोकांच्या हाती आलं. त्यावरून हौशी मंडळींनी आयओ-क्वेक-थ्री उभं केलं आणि नव्या मशीनवर चालतं ठेवलं. उद्या कंपनी राहिली नाही तरी माझ्या टेबलावरचा आखाडा चालू राहील.

आता उलट उदाहरण घ्या. युबिसॉफ्ट कंपनीचा 'द क्रू' हा मोटारींच्या शर्यतीचा गेम २०१४ मध्ये आला. एकट्यानं खेळायलाही कंपनीचा सर्व्हर लागायचा. ३१ मार्च २०२४ ला कंपनीनं सर्व्हर बंद केले आणि ज्यांनी पैसे मोजले त्यांच्या हातात न चालणारी डिस्क उरली. त्यातून युरोपात 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली. बंद करा, पण लोकांना खेळता येईल अशा अवस्थेत सोडून जा, एवढीच मागणी. जुलै २०२५ पर्यंत त्यावर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या.

गेमसाठी लोक एवढं करतात म्हणून हसू नका. प्रश्न गेमचा नाहीच. आपण ज्यावर अवलंबून आहोत त्याची चावी कुणाच्या खिशात आहे, हा आहे. सरकारी कामासाठी मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यावं, असं केंद्र सरकारचं धोरण २०१५ पासून आहे. तालुक्याच्या पातळीवर ते कितपत उतरलं, हे कुणी विचारलं का? मी तरी नाही.

कुणी म्हणेल, टेबलावर चार लॅपटॉप जोडणं वेगळं आणि कोट्यवधी लोकांचं राज्य चालवणं वेगळं. शंभर टक्के मान्य. ऑनलाइन झाल्यानं दलाल कमी झाले, चिरीमिरी कमी झाली, हेही मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. जुने दिवस परत आणा असं म्हणत नाही. म्हणणं एवढंच, की यंत्रणा बंद असेल तेव्हा अर्ज कागदावर घ्या, तारखेची पोच द्या, आणि काय बिघडलंय ते फळ्यावर लिहा.

म्हणून माहिती अधिकारात अर्ज टाकलाय. आपल्याकडे एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, त्यात चार प्रश्न बसवले. ही सेवा ज्या सर्व्हरवर चालते तो कुणाच्या ताब्यात आहे? गेल्या वर्षभरात तो किती तास बंद होता आणि का? देखभालीचा करार कुणाशी, बंद पडल्यास दंड किती? बंद काळात कागदी अर्ज घेऊन पोच देण्याचे आदेश आहेत का? दहा रुपयांचं तिकीट लावलं. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. आलं की इथंच टाकतो, नाही आलं तर तेही टाकतो.

त्या पोराला दाखला केबल जोडल्यावर दोन दिवसांनी मिळाला. मिळाला त्या संध्याकाळी तो परत आला, स्वतःचा स्विच घेऊन. म्हणाला, वाडीवर त्याच्या चुलतभावांना जोडून दाखवायचंय. पॅक-झिरोची प्रत मागितली. म्हटलं, इंजिन घेऊन जा, ते सगळ्यांचं आहे. पॅक-झिरो विकत घ्यावी लागते. फुकटच हवं असेल तर त्याच इंजिनवर चालणारा ओपन अरेना आहे, तो घे.

जाताना त्याला एकच सांगितलं, तुम्हालाही सांगतो. पुढच्या वेळी कुणी 'सर्व्हर डाऊन आहे' म्हणालं, की भांडू नका, आवाज चढवू नका. शांतपणे विचारा: कोणता सर्व्हर? कधीपासून? आणि ते मला लिहून देता का?

तुमच्या गावात काय उत्तर मिळतं, ते कमेंटमध्ये जरूर लिहा.